लेप्याचे दोन्ही डोळे एका बाजूला

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आज मासळीवर बोलू, पण पापलेट-सुरमईवर नाही, लेप्यावर.

लेपा आपण सगळ्यांनीच सोलला आहे. पण त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला का, असं गटातल्या एका ताईच्या मुलीने विचारलं आणि आम्ही सगळ्या गप्प! मग माहिती काढली. अंड्यातून निघालेलं लेप्याचं पिल्लू इतर माशांसारखंच असतं. दोन बाजूंना दोन डोळे, पोहणंही उभं. वाढता वाढता उजवा डोळा सरकत डाव्या बाजूला येतो आणि मासा आडवा होऊन तळाच्या चिखलावर राहायला जातो. वरची बाजू मातकट, खालची पांढरी. भाकसही याच भावकीतला. त्याचे डोळे मात्र कुणाचे डावीकडे, कुणाचे उजवीकडे, आणि दात असे की साफ करताना बोट सांभाळावं.

चिखलात अंग पुरून नुसते डोळे वर ठेवले, की मोठ्या माशाला लेपा दिसत नाही. ट्रॉलरच्या जाळ्याला तो दिसायची गरजच नाही, ते तळ खरवडतच येतं. आस बारीक असला की बोटाएवढी पिल्लंही त्यात सापडतात.

गेल्या हंगामात अशाच बारीक लेप्यांच्या पाट्या लिलावात स्वस्त मिळाल्या म्हणून आम्ही घेतल्या. मीठ लावून वाळवल्या, तर हातात नुसते कागद! गिऱ्हाईक बघेना. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुक्या मासळीवरच आपली घरं चालतात. त्या वर्षी हप्ता बचतीतून भरला.

बैठकीत ठरलं, हाताच्या पंजापेक्षा आखूड लेपा घ्यायचा नाही. एक काकी भडकल्या, "आपण नाही घेतला तर खतवाला घेईल. मेलेला मासा परत पोहणार आहे का?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, की बारक्याला गिऱ्हाईक कमी झालं तर बारीक आसाचं जाळं टाकणाराही हिशेब करेल. यंदा माल कमी भरला, पण सगळा विकला गेला.

काकी अजून नाराज आहेत. त्या आत्ता ऐकत असतील. काकी, बंदी उठली की पहिल्या लिलावाला तुम्हीच चला, पाटी तुम्ही निवडा.