कृत्रिम अमली पदार्थ : कायद्याच्या मर्यादा आणि समाजाचे दायित्व

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दरेकसा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करीत असताना विश्वस्तांनी असा कटू विषय व्याख्यानासाठी निवडला, याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. व्यसनमुक्तीवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. परंतु ते बोलणे दारू, तंबाखू आणि गुटखा यांच्या पलीकडे क्वचितच जाते. आज ज्या पदार्थांविषयी मला सांगावयाचे आहे ते शेतात पिकत नाहीत. ते रसायनांपासून तयार होतात आणि कायद्याने त्यांचे एक रूप रोखले की बनविणारा रेणूच्या रचनेत थोडा फेरफार करून दुसरे रूप बाजारात आणतो. म्हणूनच इंग्रजीत त्यांना ‘डिझायनर ड्रग्ज’ असे नाव पडले.

दरेकसा हे राज्याच्या सीमेवरचे गाव. नागपूर-हावडा लोहमार्गावर येथून पुढचे बोरतलाव स्थानक छत्तीसगडात आहे. ओडिशाकडून येणारा गांजा या मार्गावर वेळोवेळी पकडला गेला आहे. गांजाला उग्र वास असतो आणि त्याचा मोठा साठा न्यावयाचा तर पोती लागतात. कायद्याने गांजाचे ‘व्यापारी प्रमाण’ 20 किलो ठरविले आहे. मेफेड्रोन या कृत्रिम पदार्थाचे हेच प्रमाण अवघे 50 ग्रॅम आहे. 20 किलोंचे गाठोडे फलाटावर नजरेत भरते. 50 ग्रॅमची पुडी सदऱ्याच्या खिशात मावते. दोन्हींसाठी किमान शिक्षा एकच, दहा वर्षांची सक्तमजुरी. यावरून त्या पुडीचे सामर्थ्य आणि पोलिसांपुढील अडचण या दोहोंची कल्पना यावी.

मेफेड्रोन, म्हणजेच तरुणांच्या बोलीतील ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’. पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानात ‘खात’ नावाच्या झुडपाची पाने चघळण्याची प्रथा आहे. त्या पानांतील कॅथिनोन या उत्तेजक द्रव्याशी साधर्म्य असलेला हा पदार्थ 1929 साली प्रथम प्रयोगशाळेत तयार झाला आणि पुढे अनेक दशके विस्मृतीत पडून राहिला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याची कृती इंटरनेटवरून पसरली. युरोपात तो ‘झाडांचे खत’ किंवा ‘स्नानाचे क्षार’ अशी चिठ्ठी लावून उघड विकला जाऊ लागला. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये त्यावर बंदी घातली. लगोलग नॅफिरोन नावाचा दुसरा पदार्थ त्याची जागा घेऊ लागला. जुलैमध्ये त्यावरही बंदी घालावी लागली. तीन महिन्यांत दोन बंदी आदेश! अखेर 2016 मध्ये त्या देशाने एकेका नावामागे धावणे सोडले आणि मनावर परिणाम करणाऱ्या सर्वच पदार्थांच्या विक्रीला प्रतिबंध करून दारू, तंबाखू, चहा-कॉफी, औषधे आदींना अपवाद ठरविणारा कायदा लागू केला.

आपल्याकडील 1985 चा अमली पदार्थ कायदा सूचीवर चालतो. ज्याचे नाव सूचीत, ते बाळगणे गुन्हा. यात नागरिकाचे संरक्षणही आहे, कारण कोणते कृत्य गुन्हा ठरते हे प्रत्येकाला आधी कळले पाहिजे. परंतु त्याची किंमतही मोजावी लागते. मेफेड्रोन आपल्या सूचीत आले ते फेब्रुवारी 2015 मध्ये. तोपर्यंत मुंबईत ते महाविद्यालयीन मुलांच्या हाती पोहोचले होते आणि विकणारा समोर दिसत असूनही या कायद्याखाली पोलिसांना त्याला अटक करता येत नव्हती. आईबाप रडत होते आणि कायद्याच्या लेखी काहीच घडलेले नव्हते.

सूचीत नाव आले तरी काम संपत नाही. पांढरी भुकटी डोळ्यांनी ओळखता येत नाही. तपासणीचा नमुना दंडाधिकाऱ्यांसमक्ष घ्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बजावले आहे. तो न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो. तेथे पदार्थ नवा असेल तर तुलनेसाठी त्याचा प्रमाणित शुद्ध नमुना हाती असावा लागतो. झडतीतील एखादी त्रुटी आरोपीच्या पथ्यावर पडते. व्यवहार मोबाईलवर होतो, माल कुरिअरने जातो, आणि पकडला जातो तो बहुधा शेवटचा पोऱ्या.

हे संकट मुंबई-पुण्यापुरते आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर व्हावी. 2016 मध्ये सोलापूरनजीकच्या एका औषध कारखान्यातून 18 टनांहून अधिक इफेड्रिन जप्त झाले. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळील शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना सापडला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीवर छापा घातला आणि त्या एका प्रकरणात 1700 किलोंहून अधिक मेफेड्रोन हस्तगत केले. ऑगस्ट 2024 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने नागपूर शहरातच असा कारखाना उघडकीस आणून सुमारे 52 किलो द्रवरूप मेफेड्रोन जप्त केले. डिसेंबर 2025 मध्ये वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) परिसरात झाडीझुडपांच्या आड चाललेला कारखाना त्याच संचालनालयाने उद्ध्वस्त केला. तेथे 128 किलो माल मिळाला. सोलापूर, नाशिक, नागपूर, वर्धा हा क्रम लक्षात घ्या. शहरात पाळत वाढली की हा धंदा आडबाजूची जागा शोधतो आणि आपल्या भागात तशा जागांची वाण नाही.

येथे आपला संबंध येतो. असा कारखाना उभा राहण्यासाठी जागा लागते, रसायने लागतात, वाहतूक लागते. रंग आणि औषध उद्योगांत नित्य वापरली जाणारी रसायने, भाड्याचे गोदाम, ट्रकची पावती, औषधांचे दुकान हे सारे व्यापाऱ्याच्या हातातील विषय आहेत आणि आपला समाज व्यापारी आहे. आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. ज्या उपजीविकेने महान कर्मबंध होतो ती श्रावकाने टाळावी, असा त्याचा आशय. त्यांत ‘विषवाणिज्य’ स्पष्ट शब्दांत आले आहे. विष विकणे म्हणजे केवळ पुडी विकणे, असा संकुचित अर्थ आपण घेऊ नये. दुप्पट भाडे देणारा, करारावर खरे नाव न लिहिणारा, रात्रीच माल उतरविणारा भाडेकरू आला आणि आपण भाडे मोजून स्वस्थ बसलो, तर आपण त्या वाणिज्याचे भागीदार होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून झोपेच्या वा वेदनाशामक गोळ्या देणाऱ्या दुकानालाही हे लागू आहे. ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक 2018 मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली आले, ते त्याच्या दुरुपयोगामुळेच.

आता घराकडे वळू. या पदार्थाने प्रारंभी उत्साह वाटतो, झोप आणि भूक हरपते. हृदयाची गती, रक्तदाब आणि शरीराचे तापमान वाढते. अंमल उतरला की पुन्हा घेण्याची तीव्र ओढ लागते. पुढे संशय, भास, चिडचिड आणि खोल नैराश्य येते. त्याला उतारा ठरेल असे विशिष्ट औषध नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. पुडीत नेमके काय व किती आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून अल्प मात्राही निर्धोक मानता येत नाही. शिकण्यासाठी नागपूर, रायपूर वा पुण्यास गेलेला मुलगा रात्र-रात्र जागतो, झपाट्याने वाळतो, वारंवार पैसे मागतो आणि जुन्या मित्रांना टाळतो, असे दिसले तर ‘अभ्यासाचा ताण असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

आणि असे घडलेच, तर लपवू नये. आपल्याकडे लग्नसंबंधांच्या, प्रतिष्ठेच्या चिंतेने महिनेच्या महिने दडवादडवी होते आणि उपचाराचा काळ निघून जातो. पोलिसांची भीती हे दुसरे कारण. पुष्कळांना माहीत नसते की याच कायद्याच्या कलम 64-अ नुसार, केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. कायदा विक्रेत्याला कठोर आहे, रुग्णाला दार उघडे ठेवतो. शासनाची 14446 ही व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. संशयास्पद हालचाल कळविण्यासाठी अमली पदार्थ नियंत्रण विभागाने 2024 पासून 1933 हा ‘मानस’ क्रमांक सुरू केला आहे. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त राहते.

विश्वस्तांना माझी नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवाच्या स्मृत्यर्थ सभागृह, पाणपोई अवश्य व्हावी. त्याचबरोबर वर्षातून दोनदा गोंदियाहून मानसोपचारतज्ज्ञांना पाचारण करावे, आणि पालकांना खासगीत बोलता येईल अशी एक खोली त्या दिवशी मोकळी ठेवावी. गोदाम वा घर भाड्याने देताना भाडेकरूची कागदपत्रे पोलीस ठाण्यात देण्याचा नियम समाजाच्या बैठकीत ठरवून घ्यावा. यास फारसा खर्च नाही.

कायद्याची सूची उद्या आणखी लांबेल आणि तिच्याबाहेरचा एखादा नवा पदार्थ परवा येईल. शास्त्रकारांनी मात्र मद्याला प्रमादांत गणताना त्याच्या नावापेक्षा त्याचा परिणाम पाहिला : ज्याने भान हरपते, विवेक सुटतो, ते त्याज्य. ही कसोटी ज्या घरातील मुलाला लहानपणीच समजेल, त्याला पुडीवरचे नाव विचारण्याची गरज पडणार नाही.