पडद्यावरचा मनोवैद्य



आपल्यापैकी बहुतेकांनी मनोवैद्य पाहिला तो चित्रपटगृहाच्या अंधारात. त्याच्या खोलीत पाऊल टाकण्याचा प्रसंग थोड्यांनाच आला असेल. म्हणून पडदा आपल्याला काय शिकवतो, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

असित सेन यांच्या १९६९ च्या 'खामोशी'तली परिचारिका राधा आपणांस आठवत असेल. प्रेमभंगाने भ्रमिष्ट झालेल्या रोग्यावर माया करून त्याला बरे करायचे, ही कामगिरी डॉक्टरसाहेब तिच्यावर सोपवतात. रोगी बरा होऊन निघून जातो. हिचे नाटक मात्र नाटक राहिलेले नसते. तरी दुसरा रोगी तिच्याच गळ्यात येतो, आणि शेवटी त्याच रुग्णालयात ती स्वतः रोगी होते. प्रेक्षक वहिदा रेहमान यांच्यासाठी रडले, ते योग्यच झाले. पण त्या डॉक्टरांवर रागावले किती जण? आणि रोग्याचे काय? ज्याचा एकदा विश्वासघात झाला, त्याला औषध म्हणून दुसरी फसवणूक पाजायची!

रोग्याचे मन उपचार करणाऱ्यावर जडते, हे वैद्यांना ठाऊक आहे. फ्रॉइडने १९१५ साली यावर स्वतंत्र निबंधच लिहिला. त्याचे म्हणणे असे की, हे प्रेम उपचाराच्या परिस्थितीतून उपजते. डॉक्टराने ते आपल्या रूपगुणांच्या खाती जमा करू नये. त्याला प्रतिसाद देऊ नये, दटावूनही टाकू नये. ते कोठून आले याचा शोध घ्यावा. हे काम कठीण, आणि पडद्यासाठी नीरसही. दोन माणसे आठवड्यामागून आठवडे नुसती बोलताहेत, याला तिकीट कोण काढणार?

तरी गौरी शिंदे यांच्या 'डिअर जिंदगी'ला (२०१६) ते थोडे साधले. त्यातले डॉक्टर जहांगीर खान कायराला गोव्याच्या किनाऱ्यावर फिरवतात. ही चैन चित्रपटालाच परवडते. पण अखेरच्या भेटीत ती मन उघडे करते, तेव्हा ते तिचा उपहास करीत नाहीत आणि स्वीकारही करीत नाहीत.

हा कोरडेपणा आहे, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटेल. आपल्याला डॉक्टर 'घरचाच माणूस' हवा असतो. त्याने सणाला जेवायला यावे, पाठवलेला लाडवांचा डबा ठेवून घ्यावा. नाही म्हटले तर तो शिष्ट ठरतो. पण सासऱ्यांच्या पंक्तीला जो जेवून गेला, त्याच्यापुढे सून आपले दुःख बोलेल काय? ठरलेली वेळ, ठरलेले शुल्क, जिवाला धोका असल्यावाचून ऐकलेले बाहेर न नेणे, आणि दुसरे कोणतेही नाते न जोडणे, एवढ्यावर ती खोली उभी असते.

उद्या एखादा उपचारकच रात्री-अपरात्री बोलावू लागला, 'हे कोणाला सांगू नका' म्हणाला, तर पडद्यावर वाढलेल्या मनाला तोही उपचारच वाटेल. तो उपचार नव्हे. तेथून उठून यावे, दुसऱ्या जाणत्याला सांगावे. सेवेतील उणिवांविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिलेला आहे.