कीटकनाशकाची कातडीवरील चाचणी : ससा काय सांगतो आणि काय सांगत नाही

(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मागच्या खरिपात तुरीच्या प्लॉटवरची चर्चा संपल्यावर एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले आणि विचारले, "सर, डब्यावर निळा त्रिकोण आहे. लाल नाही, पिवळा नाही. म्हणजे अंगाला लागले तर चालते ना?" मी लगेच "नाही" म्हणालो. पण का नाही, हे मला तेव्हा नीट सांगता आले नाही. मी पीकशास्त्राचा माणूस, विषशास्त्राचा नव्हे. घरी जाऊन वाचले, माहीतगारांना विचारले. त्याच प्रश्नाचे उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी त्रिकोणाचा हिशोब पाहू. कीटकनाशी अधिनियम १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. त्या नियमांप्रमाणे त्रिकोणाचा रंग ठरतो तो एका आकड्यावर. प्रयोगातील निम्मे प्राणी दगावण्यास त्यांच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम औषध लागले, हा तो आकडा. औषध पोटातून दिल्यास १ ते ५० मिलिग्रॅमला लाल, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५००० ला निळा आणि त्यापुढे हिरवा. कातडीतून अंगात गेल्यास किती लागते, याचेही वेगळे आकडे आहेत. पण दोन्ही ठिकाणी मोजमाप आहे ते मरणाचे. कातडी लाल होईल का, फोड येतील का, जखम होईल का, हे त्रिकोण सांगत नाही. त्याची चाचणी निराळी असते आणि तिचा निष्कर्ष डब्याबरोबरच्या घडीपत्रिकेत बारीक अक्षरांत, सावधगिरीच्या सूचनांमध्ये उतरतो. ती घडीपत्रिका आपण बहुतेक वेळा बांधावरच टाकून येतो.

ही चाचणी सशावर होते. तिची पद्धत अमेरिकेतील जॉन ड्रेझ या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९४४ साली मांडली. आज बहुतेक देश आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची ४०४ क्रमांकाची मार्गदर्शिका पाळतात. ती १९८१ साली निघाली आणि पुढे वेळोवेळी सुधारली गेली. निरोगी पांढरा ससा घेतात, कारण पांढऱ्या कातडीवर लाली चटकन दिसते. आदल्या दिवशी त्याच्या पाठीवरील केस बारीक कापतात. कातडीला ओरखडा उमटता कामा नये. सुमारे ६ चौरस सेंटिमीटर जागेवर पातळ औषध असल्यास अर्धा मिलिलिटर, भुकटी असल्यास ओलसर करून अर्धा ग्रॅम लावतात. वर जाळीदार कापडाची घडी व चिकटपट्टी. चार तासांनी पट्टी काढून जागा धुतात. मग एका तासाने आणि २४, ४८ व ७२ तासांनी पाहणी करतात.

पाहणीत दोन गोष्टींना गुण देतात, लाली आणि सूज. प्रत्येकी ० ते ४. लाली जेमतेम दिसली तर १, स्पष्ट दिसली तर २, गडद लाल होऊन खपली धरू लागली तर ४. सूज एक मिलिमीटरपेक्षा उंच आणि लावलेल्या जागेच्या बाहेर पसरली तर तिलाही ४. खुणा राहिल्या तर १४ दिवसांपर्यंत पाहतात, कारण लाली जाणारी आहे की कातडी कायमची जळाली, यात मोठा फरक आहे. ज्याचा सामू २ किंवा त्याहून कमी अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त आहे, असा पदार्थ सशाला लावतच नाहीत. तो कातडी जाळणार असे धरूनच चालतात. कळीचा चुना विरवल्यावर वर येणाऱ्या निवळीचा सामू १२ च्या पुढे असतो, म्हणजे बोर्डो मिश्रणासाठी आपण हाताने ढवळतो तो चुना या यादीतला आहे.

मुक्या जनावराला असे का छळायचे, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझ्याही आले. आपल्या देशात प्राण्यांवरील प्रयोगांवर केंद्र सरकारच्या समितीची देखरेख असते आणि प्रत्येक संस्थेत नीतिसमिती लागते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी घेणे भारतात २०१४ पासून बंद आहे. प्रयोगशाळेत माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवून त्यांचा थर तयार करतात व त्यावर औषध लावून किती पेशी जिवंत राहिल्या ते रंगाने ओळखतात; निम्म्या किंवा त्याहून कमी राहिल्या तर औषध दाहक. या पद्धतीला त्याच संघटनेने २०१० साली मान्यता दिली. सशाची पाळी आता आधीची सगळी माहिती आणि अशा चाचण्या तपासून झाल्यावर, अगदी शेवटी यावी, असे तीच ४०४ क्रमांकाची मार्गदर्शिका सांगते. मला ही दिशा योग्य वाटते.

आता मुख्य मुद्दा. ससा तोंडाने काही सांगत नाही.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी माझ्या प्रयोगातील तुरीवर लॅम्डा सायहॅलोथ्रीन फवारले. तोंडाला रुमाल नव्हता, वारा अंगावर येत होता. दुपारी गालांना मुंग्या आल्या आणि मग मिरची चोळल्यासारखी आग सुरू झाली. आरशात पाहिले तर ना लाली, ना पुरळ. वसतिगृहातील मित्र म्हणाले, "नाटक करतोय." मी गरम पाण्याने तोंड धुतले, तर आग दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपोआप गेली. सायपरमेथ्रीन, फेनव्हेलरेट, डेल्टामेथ्रीन या गटातील औषधांचा हा गुणच आहे. ती कातडीखालच्या संवेदनेच्या नसांना चाळवतात. घाम, ऊन आणि गरम पाणी यांनी आग वाढते. सशाच्या पाठीवर लाली व सूज नसेल तर गुण शून्य. त्याला आग झाली की नाही, हे कोण लिहिणार?

दुसरे असे की चाचणी एकदाच आणि चार तासांची असते. काही औषधे पहिल्या फवारणीला त्रास देत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र खाज आणि चट्टे उठतात. गाजर गवताचे आपण पाहतोच. वर्षानुवर्षे उपटणाऱ्या बाईला एके दिवशी ॲलर्जी होते आणि मग ते नुसते शिवले तरी अंग उठते. यासाठी गिनी पिग व उंदरांवर वेगळ्या चाचण्या आहेत. सशाची चाचणी त्याचे उत्तर देत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या रानातली. सशाची कातडी साधारणपणे माणसाच्या कातडीपेक्षा नाजूक, म्हणून चाचणी आपल्या बाजूने कडक आहे, हे खरे. पण ती धडधाकट कातडीवर होते. ड्रेझच्या मूळ पद्धतीत खरवडलेल्या कातडीवरही औषध लावीत. आता तसे करीत नाहीत. कापूस वेचून ओरखडलेले हात, भेगाळलेल्या टाचा, घामाने भिजलेला सदरा आणि सकाळपासून दुपारपर्यंत पाठीवर गळणारा पंप, हे प्रयोगशाळेत नसते. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाने हात ओले राहिले तर नखे रंग बदलतात, गळतात. कातडीला जखम झाली की तेथून औषध रक्तात जाते, आणि त्यावर उतारा नाही.

शिवाय नोंदणीसाठी प्रत्येक औषध वेगवेगळे तपासलेले असते. आपण पंपात दोन कीटकनाशके, एक बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि वर चिकटद्रव्य घालतो. ते मिश्रण कोणत्याही सशाच्या पाठीवर लावलेले नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. अंगाबरोबरची कपाशी, दाट फांद्या, उकाडा आणि औषधांची मिश्रणे अशी कारणे तेव्हा पुढे आली.

औषध अंगात कोठून शिरते, याचा अभ्यास १९७१ साली अमेरिकेत माइबाख व सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांवर केला. पॅराथिऑन लावल्यावर हाताच्या पुढच्या भागातून सुमारे ९ टक्के शोषले गेले, डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळातून ३६, कानातून ४६ आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळे. म्हणजे पंप गळून पाणी पाठीवरून विजारीत उतरते, तेथे धोका सर्वांत जास्त. आपण मात्र हात धुऊन समाधान मानतो.

दर लिटरला २ मिलिलिटर औषध वापरत असाल तर डब्यातील औषध फवाऱ्यापेक्षा ५०० पट तीव्र असते. त्यातही ईसी प्रकारच्या औषधात तेलासारखा द्रावक असतो, आणि पुष्कळदा कातडी तोच जाळतो. म्हणून हातमोजे घालायची वेळ औषध मोजतानाची. नंतर फवारताना घालून चुकलेली वेळ भरून निघत नाही. मोजे नायट्राइल रबराचे असावेत, सुती मोजा औषध धरून ठेवतो. द्राक्षमांडवाखाली किंवा उंच पिकात हात वर करून फवारत असाल तर मोज्याचे तोंड बाहीवर घेऊन दुमडा, नाहीतर द्रावण मोज्यात उतरते. पंप भरून देणाऱ्या आणि संध्याकाळी तेच कपडे धुणाऱ्या घरच्या बाईलाही मोजे हवेत. डबे आणि कपडे हाताळणारे हात तिचे असतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. अंगावर औषध सांडले तर काम पुरे करायची वाट पाहू नका. कपडे तेथेच काढून साध्या पाण्याने व साबणाने अंग धुवा. दवाखान्यात जावे लागले तर घडीपत्रिका बरोबर न्या.

आणि हंगामाची पहिली फवारणी करण्यापूर्वी पंपात नुसते पाणी भरून तो पाठीवर घ्या, दहा मिनिटे बांधावर चाला व दट्ट्या मारा. सदरा ओला झाला तर त्या दिवशी औषधाचा डबा उघडू नका, आधी झाकणाचा व नळीचा वायसर बदलून आणा.