रकाना एकोणसाठ कोणाचा?

(अचलपूर येथे सहकारी चळवळीतील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अचलपूर इतिहासात एलिचपूर म्हणून ओळखले जाते. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही राजधानी. जिथे राजधानी तिथे सराफ, आणि जिथे सराफ तिथे हुंडी. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मोजायचे, मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर, आणि शाहजोग हुंडीचे केवळ पतदार सावकाराला. हुंडीचा मजकूर परंपरेने ठरलेला असे. रक्कम आकड्यांत लिहायची, अक्षरांत लिहायची आणि तिची निमी रक्कम लिहून ‘याची दुप्पट’ असेही नोंदवायचे. कोणी एक शून्य वाढवले तर बाकीचे शब्द त्याच्याविरुद्ध साक्ष देत. हुंडी हरवली तर पेठ, पेठ हरवली तर परपेठ. परक्या गावच्या माणसावर विश्वास ठेवता यावा म्हणून समाजाने घडवलेली ही भाषा होती.

आजच्या जगातील बँका परस्परांशी जी भाषा बोलतात तिची जातकुळी हीच आहे. पूर्वी परदेशी पैसे पाठवण्याचा आदेश टेलेक्सवरून जाई. प्रत्येक बँकेची वाक्यरचना वेगळी, त्यामुळे अर्थ लावण्यात वेळ जाई आणि चुकाही होत. त्यावर उपाय म्हणून १९७३ साली १५ देशांतील २३९ बँकांनी बेल्जियममध्ये ‘स्विफ्ट’ ही संस्था स्थापन केली. १९७७ साली तिचे संदेश सुरू झाले. १९९१ साली भारतीय बँका तिच्या जाळ्यात आल्या. स्विफ्ट पैसे वाहून नेत नाही, ती फक्त निरोप वाहून नेते. मात्र तो निरोप ठरलेल्या रकान्यांतच लिहावा लागतो. ग्राहकाचे पैसे पाठवण्याच्या ‘एमटी १०३’ या नमुन्यात ३२ए या रकान्यात तारीख, चलन आणि रक्कम. ५० मध्ये पैसे देणारा. ५९ मध्ये लाभार्थी. आणि ७१ए मध्ये हुंडणावळ कोणी सोसायची याचा खुलासा. हा जुना नमुना आता मागे पडला आहे. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधील परदेशी भरण्याचे आदेश ‘आयएसओ २००२२’ या अधिक तपशीलवार पद्धतीने जातात. पतपत्राचा ‘एमटी ७००’ हा नमुना मात्र अद्याप चालू आहे, आणि अचलपूरच्या संत्राबागेशी त्याचाच संबंध आहे.

अचलपूर, चांदूरबाजार, मोर्शी, वरूड या पट्ट्यातील संत्र्याचा बांगलादेश हा मोठा परदेशी ग्राहक. अशा व्यापारात पतपत्राचा मार्ग घेतला, की खरेदीदाराची बँक इकडच्या बँकेला एमटी ७०० धाडते. माल कोणता, कागदपत्रे कोणती, माल रवाना करण्याची शेवटची तारीख कोणती, हे सारे त्यात असते. येथेही ५९ हा रकाना लाभार्थ्याचाच. पतपत्राच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँकेचा व्यवहार कागदपत्रांशी असतो, मालाशी नव्हे. कागदपत्रे तपासायला बँकेला कामकाजाचे पाच दिवस मिळतात. ट्रकमधल्या संत्र्याला अशी सवलत कोण देणार?

आता मूळ प्रश्न विचारला पाहिजे. त्या एकोणसाठाव्या रकान्यात नाव कोणाचे येते? ज्याने उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचे पाणी उपसून झाडे जगवली, त्याचे बहुधा नसतेच. बहार झाडावर असतानाच त्याने तो व्यापाऱ्याला ठोक किमतीत विकलेला असतो. ढाक्याहून आलेला पैशाचा हक्क निर्यातदाराच्या नावे येतो आणि तिथेच थांबतो. शेतकऱ्याचा व्यवहार तोंडी, फार तर चिठ्ठीवरचा. मात्र परदेशातील संकट रकाना पाहत नाही. २०१९ ते २०२३ या काळात बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क चढत्या क्रमाने वाढवले, तेव्हा त्याची झळ झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचली. नफ्याच्या निरोपात ज्याचे नाव नाही, तोट्याच्या निरोपात तोच पहिला!

नमुना कितीही काटेकोर असला तरी तो सत्याची हमी देत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. २०१८ साली उघडकीस आलेल्या गैरव्यवहारात पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतून गेलेले स्विफ्टचे हमीसंदेश रूपाने निर्दोष होते. बँकेच्या मुख्य संगणकीय खातेवहीत मात्र त्यांची नोंदच नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले. बनावट कार्डांनी देशोदेशींच्या यंत्रांतून पैसे काढले गेले, आणि १३ ऑगस्टला खोट्या स्विफ्ट संदेशांनी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला रवाना झाले. एकूण लूट ९४ कोटींची. पुढे २०१९ साली स्विफ्टविषयक नियंत्रणांतील कसुरीबद्दल रिझर्व्ह बँकेने ३६ बँकांना ७१ कोटींचा दंड ठोठावला. हुंडी घेणारा सराफ हस्ताक्षर ओळखत असे. यंत्र रकाने ओळखते, माणूस ओळखत नाही. ते काम माणसांनी सोडून दिले, की लुटारूलाही बिनचूक नमुना भरता येतो.

आणि या भाषेची सूत्रे कोणाच्या हाती? स्विफ्ट कायद्याने सहकारी संस्था आहे, हे ऐकून येथील कार्यकर्त्यांना समाधान वाटेल. परंतु एक सभासद, एक मत हे सहकाराचे तत्त्व तिथे नाही. जो जितकी उलाढाल करील तितके त्याचे भाग, आणि भागांच्या प्रमाणात देशांना संचालकपदे. युरोपीय संघाच्या निर्णयामुळे २०१२ साली इराणच्या बँका आणि २०२२ साली रशियाच्या दहा बँका या जाळ्याबाहेर काढल्या गेल्या. त्या राजवटींचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण निरोपाची वाट बंद झाली की राज्यकर्त्यांबरोबर तिथला दुकानदार, विद्यार्थी आणि रोगीही कोंडला जातो, हे विसरता येणार नाही.

मग नमुनेच नाकारायचे काय? मुळीच नाही. ठरलेली भाषा दुबळ्याला उपयोगी पडते, कारण तिच्यात बलवानाला शब्द फिरवता येत नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची खरी अडचण त्याच्यावर लादलेल्या नमुन्याची नाही. त्याच्या वाट्याला अजून नमुनाच आलेला नाही, तोंडी शब्दच आला आहे. म्हणून बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी आणि उत्पादक कंपन्यांनी आयात-निर्यातीचा क्रमांक घ्यावा, परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकशाखेत खाते उघडावे आणि पतपत्र वाचू शकणारी दोन-चार तरुण मुलेमुली गावातच तयार करावीत. सहकारी बँकांच्या सभासदांनी वार्षिक सभेत लाभांशाचा दर विचारतात त्याच आवाजात विचारावे, की बाहेर जाणारा प्रत्येक संदेश खातेवहीशी ताडून पाहिला जातो काय, आणि तो पाहणारी माणसे दोन आहेत की एकच?

एलिचपूरच्या सराफ्यात हुंडीवर कुणब्याचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण लिहिता येणे हीच मूठभरांची मिरास होती. आज अक्षर घरोघरी पोचले आहे. आता त्या घराचे नाव रकाना एकोणसाठमध्ये पोचले पाहिजे.