मनाची जुनी बाकी



सुवर्णमहोत्सवाच्या या सभेत मी 'व्यापार आणि सचोटी' या विषयावर बोलावे, अशी सूचना होती. मी विषय बदलून मागितला आणि विश्वस्तांनी तो उदार मनाने दिला. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे, बी.कॉम. झालेला कापड व्यापारी आहे. जे भोगले, तेवढेच सांगेन.

मी नऊ वर्षांचा असताना वडील निवर्तले आणि एका नातेवाइकांच्या घरी व दुकानी माझी रवानगी झाली. अन्नवस्त्रास त्यांनी कधी कमी केले नाही, हे प्रथम नमूद करतो. परंतु कापड वाकडे फाटले, माप बोटभर चुकले, की लोखंडी मीटर आधी फळीवर आपटे आणि मग माझ्या पाठीवर. मारापेक्षा तो आवाज भयंकर. कारण पुढे काय होणार, हे ठाऊक असे. अकरा वर्षे हे चालले.

पुढे स्वतःचे दुकान झाले, संसार झाला. सर्व विसरलो, अशी माझी समजूत होती. २००९ च्या दिवाळीत, ऐन गर्दीत, नव्या नोकराच्या हातून मीटर फरशीवर पडला. क्षणात माझे हात गार पडले आणि मी त्या पोराच्या अंगावर धावून गेलो. गिऱ्हाइके स्तब्ध. मुलगा मध्ये पडला म्हणून निभावले. रात्री पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, आज तुम्ही अगदी त्यांच्यासारखे दिसलात."

तरीही मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास मला आणखी दोन वर्षे लागली. पेठेत कळले तर लोक काय म्हणतील, ही भीती! त्यांनी समजावले, की एखाद्या अपघाताचा आघात निराळा आणि जेथून पळता येत नाही अशा ठिकाणी, आपल्याच माणसांकडून वर्षानुवर्षे झालेला छळ निराळा. अमेरिकेतील डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये हा भेद मांडला; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. अशा माणसाला जुना प्रसंग केवळ आठवत नाही, तर शरीर तो पुन्हा भोगते. राग-भय आवरत नाही, स्वतःविषयी हीनता वाटते, जवळच्यांशीही अंतर पडते. हे ऐकताना माझी मान खाली गेली होती.

उपाय साधे, पण चिकाटीचे. कीर्द लिहिण्याची सवय होतीच. रोज रात्री वहीत लिहू लागलो: कशाने भडकलो, शरीरात प्रथम काय झाले, ओसरण्यास किती वेळ लागला. दीड महिन्यात ध्यानी आले, की रागाच्या आधी तळहात गार पडतात. ती सूचना मिळताच पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि हाताशी असेल ते कापड चिमटीत धरून ओळखायचे: हे पॉपलीन, ही मलमल. मग आपण आजच्या, स्वतःच्या दुकानात आहोत, हे शरीराला पटते. लोखंडी मीटर काढून मी लाकडी आणला होता. डॉक्टर म्हणाले, आरंभी ठीक. पण टाळत राहिल्याने भय टिकूनच राहते. आठ महिन्यांनी लोखंडी परत आणला. अजूनही कधी तोल जातो.

एक गोष्ट याच सभेत बोलणे भाग आहे. संवत्सरीला मी दरवर्षी त्या नातेवाइकांच्या पाया पडून क्षमापना करीत असे आणि दरवर्षी माझे पाय थरथरत. आपली क्षमा खोटी, असे समजून मी स्वतःलाच दोष देई. आज वाटते, मनाने क्षमा केली होती. शरीराला मात्र अद्याप सुरक्षित वाटत नव्हते. दुखावलेल्या लेकराला वा सुनेला "विसर, क्षमा कर" असे आपण फार घाईने सांगतो. आधी मार थांबवावा, त्यांचे ऐकून घ्यावे.

त्या नोकराची माफी मी तीन वर्षांनी मागितली. "शेठ, मी तेव्हाच विसरलो," असे तो हसून म्हणाला. मला ते खरे वाटले नाही.

शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, क्रमांक १४४१६. परक्याशी बोलणे जड जात असेल, त्यांनी बुधवारी माझ्या घरी यावे. त्या दिवशी दुकान बंद असते.