शेजारणीकडून शिकण्यासारखे

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त तोरणमाळ येथे भरलेल्या सभेतील भाषण)



यंदाचा वर्धापनदिन खालच्या सभागृहात न करता सातपायरीचा घाट चढून इथे यशवंत तलावाच्या काठी करावा, ही कल्पना आपल्या चिटणीसबाईंची. वळणांवर दोघीतिघींना भोवळ आली, परंतु वर येताच गार वाऱ्याने सगळ्या ताज्यातवान्या झाल्या, हे मी पाहिले. माझ्यासाठी या डोंगरावर येणे ही नुसती सहल नव्हे. त्याचे कारण पुढे सांगणार आहे.

मला दिलेला विषय आहे, 'दोन विकसनशील देशांची तुलना : संपत्ती आणि राहणीमान'. विषय कळला तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "अहो, मी प्राथमिक शाळेची निवृत्त शिक्षिका, अर्थशास्त्राची पंडिता नव्हे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच बोला. पंडितांचे आम्हाला समजत नाही." तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.

तुलना करायची तर अमेरिका किंवा जपान घेण्यात अर्थ नाही. तुलना शेजारणीशी करावी, कारण तिची चूलही आपल्यासारखीच मातीची असते. म्हणून मी बांगलादेश निवडला आहे.

हा देश १९७१ साली डिसेंबरात स्वतंत्र झाला. युद्धाने मोडलेला, वादळांनी झोडपलेला, पुरात बुडणारा. १९७४ साली तिथे मोठा दुष्काळ पडला. तेव्हा जगातल्या भल्याभल्यांना वाटत होते की हा देश काही उभा राहात नाही. तिथल्या बाईला सरासरी सात मुले होत, आणि सरासरी आयुष्य पन्नाशीच्या आत होते. आपल्याकडे तोवर स्वातंत्र्याला चोवीस वर्षे झाली होती. पोलादाचे कारखाने, धरणे, विद्यापीठे उभी राहिली होती. आपण पुढे होतो.

संपत्तीत आपण पुढेही पुष्कळ वर्षे आघाडीवर राहिलो. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली एका ग्रंथात दोन्ही देशांचा हिशोब मांडला. १९९० साली भारतीय माणसाचे सरासरी उत्पन्न बांगलादेशी माणसाच्या दीडपटीहून थोडे अधिक होते, आणि पुढल्या वीस वर्षांत ते जवळजवळ दुप्पट झाले. परंतु त्याच वीस वर्षांत गरीब शेजारीण इतर गोष्टींत आपल्यापुढे निघून गेली. तिची बाळे आपल्यापेक्षा कमी दगावू लागली. तिच्या देशात माणसे जास्त वर्षे जगू लागली. सात मुलांवरून ती दोन-सव्वादोनवर आली, आणि लसही तिच्याकडे अधिक मुलांना मिळू लागली.

पैसा आपल्याकडे वाढला आणि बाळे तिकडे वाचली, हे कसे झाले? आजच्या व्याख्यानाचा सारा गाभा या एका प्रश्नात आहे.

त्याचे एक उत्तर कारखान्यांत आहे. १९८० च्या सुमारास तिथे तयार कपड्यांचे कारखाने निघू लागले. आज सुमारे चाळीस लाख माणसे त्या धंद्यात आहेत आणि त्यांत बायका बहुसंख्य आहेत. खेड्यातली मुलगी शहरात येऊन महिन्याचा पगार हातात घेऊ लागली. ज्या मुलीला पगार मिळू शकतो तिला शाळेत पाठवावे, असे बापालाही वाटू लागले.

दुसरे उत्तर मला अधिक जवळचे वाटते. ते मीठ, गूळ आणि पाणी यांत आहे.

जुलाबाने मूल मरते ते जुलाबामुळे नव्हे, तर अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजले तर ते पुरेसे शोषले जात नाही. परंतु पाण्यात मिठाबरोबर साखर असली की आतडे दोन्ही ओढून घेते आणि पाठोपाठ पाणीही अंगात मुरते. १९६८ साली ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत या गोष्टीचा रोग्यांवर पडताळा आला. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. शंभरांत तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. म्हणजे हा शोध त्यांचाही आहे आणि आपलाही.

पुढे त्यांनी काय केले ते ऐका. 'ब्रॅक' नावाची संस्था १९७२ साली फझले हसन आबेद यांनी काढली होती. त्या संस्थेने १९८० साली बाया नेमल्या आणि त्यांना खेड्यांत घरोघर पाठवले. त्या अंगणात बसत आणि आईलाच तिच्या हाताने करायला लावत : तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरे त्यांनी पायी हिंडून पुरी केली.

यातली खरी मेख पगारात होती. किती घरे झाली यावर त्या बायांचा पगार ठरत नसे. काही दिवसांनी दुसरे माणूस जाऊन आईला विचारी, "काय शिकलात? करून दाखवा." आईच्या लक्षात जेवढे राहिले असेल तेवढा शिकवणारीचा पगार! मी तेहेतीस वर्षे शिकवले, भगिनींनो. हा नियम मला लावला असता तर कित्येक महिने माझी चूल पेटली नसती.

आणि एवढ्यानेही भागले नाही. आया शिकत, पण मूल आजारी पडले की पाणी करीत ना. चौकशी केली तेव्हा कळले की शिकवणाऱ्या बायांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःच्या घरी त्याही ते वापरीत नव्हत्या. तेव्हा त्यांना प्रयोगशाळेत नेऊन सारे समजावून दिले. पुरुषांना वगळले म्हणून ते रुसले होते. मग बाजारांत आणि मशिदींत सभा घेतल्या. चूक दिसली की पद्धत बदलायची, ही त्यांची रीत.

शेजारणीचे कौतुक करताना तिच्या घरात सारे सोन्याचेच आहे असे मात्र समजू नका. त्याच कपड्यांच्या धंद्यातली राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे चिरडली गेली. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा पडल्या होत्या, तरी कामगारांना आत बोलावले होते. निर्यातीत शंभरातले ऐंशीहून अधिक रुपये एका कपड्यांच्या मालाचे. एकाच पिकावर शेती करावी तसा हा प्रकार. तिथल्या निम्म्या मुलींची लग्ने अठराच्या आत होत आली आहेत. आपल्याकडे २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण शंभरात तेवीस होते. राज्यकारभाराची घडीही तिथे वारंवार विस्कटते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जनतेच्या उठावाने सरकार पडले.

आपणही मधल्या काळात हात जोडून बसलो नाही. २००५ पासून आशाताई घरोघर जाऊ लागल्या. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बाईला शिकवून नवजात बाळे वाचवता येतात हे दाखवले, आणि जगाने ते उचलले. त्यामुळे बालमृत्यूतले अंतर आता जवळजवळ बुजले आहे. पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने १९९० पासून देश मोजण्याची नवी रीत घालून दिली : माणूस किती जगतो, किती शिकतो आणि किती मिळवतो, या तिन्हींचा मिळून एक आकडा. २०२५ साली निघालेल्या त्या यादीत भारत आणि बांगलादेश दोघे एकाच, म्हणजे १३० व्या, पायरीवर आहेत. एवढी मोठी आपली अर्थव्यवस्था, आणि तरी पायरी एकच!

आता दूरचे सोडून जवळचे पाहू. दोन देश पाहायला सीमा ओलांडायची गरज नाही. सकाळी आपण शहाद्याहून निघालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता, केळी होती, पपईच्या बागा होत्या. घाट चढून आलो आणि दुसरा देश लागला. इथे उतारावर ज्वारी-मका, मोहाची झाडे, आंब्याच्या फोडी वाळवून केलेले आमचूर. दिवाळीनंतर माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. आपला नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून निघाला. त्याच मानवविकासाच्या मापाने राज्याच्या २०१२ च्या अहवालात तो महाराष्ट्रात शेवटचा होता, मुंबई पहिली. २०११ च्या शिरगणतीत राज्यातल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे शहात्तर साक्षर होत्या. आपल्या जिल्ह्यात छप्पन. ही सरासरी आहे. डोंगराचे आकडे त्याहून खाली.

आता मी ते कारण सांगते.

१९८१ साली मी तेवीस वर्षांची होते आणि या बाजूच्या एका पाड्यावर शाळेत नेमणुकीवर होते. श्रावणात एका रात्री एक बाई मला उठवायला आली. तिच्या चार वर्षांच्या मुलाला सकाळपासून जुलाब होत होते. डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते. तिने विचारले, "पाणी मागतोय. देऊ का?" बाईंना सारे ठाऊक असते, या विश्वासाने ती आली होती. माझ्या माहेरी जुलाबात पाणी तोडायची पद्धत. मी म्हणाले, "नको, पाणी दिले की जुलाब वाढतील." पहाटे चौघांनी त्याला बांबूच्या झोळीत घालून खाली न्यायला घेतले. निम्म्या उतारावरून ते परत आले.

मीठ माझ्या डब्यात होते. गूळही होता. जगातल्या देशांच्या राजधान्या मला पाठ होत्या. आणि त्याच पावसाळ्यात तिकडे कुणी निरक्षर आई तीन बोटांच्या चिमटीने मीठ घालीत बसली होती.

त्या आईने मला कधीही दोष दिला नाही. ती पुढेही माझ्यासाठी भाजी घेऊन येई. ते मला अधिक लागे. ही गोष्ट मी चाळीसहून अधिक वर्षे कुठल्याही व्यासपीठावर सांगितली नव्हती. आज दोन देशांची तुलना करायला सांगितलीत, तर माझ्यापुरती तुलना एवढीच आहे : तिकडच्या आईपाशी जे ज्ञान होते ते इकडच्या शिक्षिकेपाशी नव्हते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. वर्धापनदिनाच्या शिलकीतून शोभेची कमान उभारण्याचा विचार आहे असे ऐकते. कमान चांगलीच. पण ती वर्षभर थांबू शकेल. पावसाळा थांबणार नाही. प्रत्येक सभासद भगिनीने आधी स्वतः शिकावे, आणि पावसाळ्यापूर्वी इथे येऊन आशाताईंच्या सोबतीने तीन घरी शिकवावे. आशाताईंकडे, अंगणवाडीत क्षार-संजीवनीची पाकिटे मिळतात, जस्ताच्या गोळ्या मिळतात. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, यापेक्षा जास्त मीठ नाही. घोटघोट पाजत राहायचे, अंगावरचे दूध तोडायचे नाही, आणि मूल सुस्तावले तर पाजत पाजतच दवाखाना गाठायचा.

आणि महिन्याभराने दुसऱ्या भगिनीने त्याच घरी जाऊन विचारावे, "करून दाखवता का?" आपण किती घरे केली हे अहवालात लिहू नये. किती घरांत लक्षात राहिले ते लिहावे.

आणि आपण इथे केवळ द्यायला येऊ असेही नाही. मोहापासून रानभाज्यांपर्यंत कितीतरी गोष्टी या बायांना ठाऊक आहेत आणि आपल्याला नाहीत. शिकवायला आलो तर शिकूनही जाऊ.