हाताला कोरडा, आतून कच्चा

आम्ही खामगावच्या एका महिला बचत गटाच्या बाया. गटाची समन्वयक म्हणून माईकसमोर आमच्यातली एकच बसली आहे, पण बोलणं अकरा जणींचं आहे. म्हणून आज सगळं ‘आम्ही’ असंच ऐकाल.

आम्ही टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करतो. शाळेचं स्नेहसंमेलन, क्रिकेटची टीम, गणपती मंडळ, कोजागिरीपासून सुरू होणारा आपल्या मोठ्या देवीचा उत्सव, अशा कामांचे शर्ट आमच्याकडे येतात. बाया भेटल्या की दोन गोष्टी हमखास विचारतात. एक, फोटोसारखं रंगीत चित्र कापडावर उतरतं कसं? आणि दुसरी, धुतल्यावर ते राहतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही प्रशिक्षणात शिकलो. दुसऱ्याचं शिकायला आम्हाला पदरचे पैसे घालावे लागले. आज तेच सांगायचं आहे.

खामगाव म्हणजे कापसाची पेठ. १८७० मध्ये जलंबहून इथं रेल्वेचा फाटा आला, तो या कापसापायीच. आजही कापूस आपल्याकडून जातो आणि तिरुपूरसारख्या गावाहून टी-शर्ट होऊन परत येतो. मधली कमाई वाटेतच राहते. निदान शेवटचं काम, म्हणजे छपाई, तरी आपल्या गावातल्या बायांच्या हाती असावी, एवढाच आमचा विचार होता.

सुरुवात आम्ही पाण्यात कालवायच्या पिगमेंट रंगानं केली. स्वस्त, धुवायला सोपा, कापडावर मऊ. पण आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा ४३-४४ वर. स्क्वीजीचे चार हात मारेपर्यंत रंग स्क्रीनच्या जाळीतच वाळायचा आणि भोकं बुजायची. त्यात नळ आला, उठा. लेकरू शाळेतून आलं, उठा. सासूबाईंना चहा पाहिजे, उठा. परत येईस्तोवर स्क्रीन कामातून गेलेली.

मग आम्ही प्लास्टिसोलकडे वळलो. हा रंग पाण्याचा नाही. पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची अगदी बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारा तेलासारखा पदार्थ, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात, यांचं हे घट्ट मिश्रण. त्यात रंगद्रव्य घातलेलं असतं. हा रंग हवेनं वाळतच नाही. स्क्रीनवर रात्रभर राहिला तरी सकाळी तसाच ओला. उरलेला खरवडून परत डब्यात भरता येतो. उठबस करत काम करणाऱ्या बाईला याच्याइतका सोयीचा रंग नाही. पण जो आपोआप वाळत नाही, त्याला आच दाखवूनच पक्का करावा लागतो. आमचं घोडं अडलं ते इथंच.

आधी चित्राचं सांगतो. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली धरून पाहा. नुसते ठिपके दिसतील, आणि तेही चारच रंगांचे. निळसर रंग, त्याला सायन म्हणतात. गडद गुलाबी, तो मॅजेंटा. पिवळा आणि काळा. ठिपके लहान-मोठे करून डोळ्याला हजार रंग दाखवायचे. जुन्या घरांत राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती असायची, आठवते? १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्या छापखान्यात दगडावरून छपाई होई. एकेका रंगाला वेगळा दगड, आणि एका चित्राला असे कितीतरी दगड. आमचं चार स्क्रीनमध्ये भागतं.

या कामाचा प्लास्टिसोल वेगळा येतो. प्रोसेस इंक म्हणून मागायचा. साधा प्लास्टिसोल खालचं सगळं झाकून टाकतो. प्रोसेसचा रंग मुद्दाम पारदर्शक केलेला असतो. पिवळ्या ठिपक्यावर सायनचा ठिपका पडला, की हिरवा दिसला पाहिजे. म्हणूनच हा रंग पांढऱ्या शर्टावर खुलतो. काळ्या शर्टावर तो दिसतच नाही. तिथं खाली पांढऱ्या रंगाचा थर द्यावा लागतो, आणि ते नवशिक्याचं काम नाही. गिऱ्हाईक काळ्या शर्टासाठी हटून बसलं, तर आम्ही सरळ नाही म्हणतो.

स्क्रीनची जाळीही बारीक लागते. साध्या अक्षरांना आम्ही सेंटीमीटरला ४३ धाग्यांची जाळी वापरतो, चार रंगांच्या चित्राला १२० धाग्यांची. इंचाला ४५ ठिपक्यांच्या ओळी धरतो. त्याहून बारीक गेलं, तर टी-शर्टच्या विणीत ठिपके हरवतात. प्रत्येक रंगाच्या ओळींचा कोन निराळा ठेवायचा. नाहीतर चित्रावर मच्छरदाणीसारखी नक्षी उमटते. ते काम फिल्म काढणारा करतो, पण त्याला विचारून घ्यायचं काम आपलं. आम्ही आधी पिवळा मारतो, मग मॅजेंटा, मग सायन आणि शेवटी काळा.

आता आमची फजिती ऐका. मागच्या पावसाळ्यात २१० शर्टांची ऑर्डर आली. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावात मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी इथून शेगावला जाते. त्या दिवशी या रस्त्यावर माणसांचा केवढा पूर लोटतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. वाटेवर पाणी आणि फराळ वाटणाऱ्या एका मंडळाला सेवेकऱ्यांसाठी शर्ट हवे होते. पांढरा शर्ट, पाठीवर पालखी, भगव्या पताका, मागं वारकरी. चार रंगांचं आमचं पहिलं मोठं काम. शर्टामागे छपाईचे ४० रुपये ठरले. शर्ट आम्हीच आणायचे होते, ते १२० रुपयांना एक पडले.

पहिले १४० शर्ट निवांत झाले. शेवटच्या ७० च्या वेळी दोन दिवस पावसाची झड लागली. शर्टांचे गठ्ठे खोलीत जमिनीवरच पडून होते. संध्याकाळी व्होल्टेज कमी. शर्ट सकाळी द्यायचे होते. आमच्याकडे हीट प्रेस आहे. तिची तापलेली पाटी शर्टाला न टेकवता बोटभर वर धरून आम्ही रंग पक्का करतो. त्या रात्री आमच्यातली एक म्हणाली, “काहून एवढा वेळ धरता? हात लावून पाहा न, चिटकत नाही.” आम्ही हात लावून पाहिला. खरंच चिकटत नव्हता. सगळ्यांनीच मान डोलावली आणि शर्टामागचा वेळ कमी केला.

चौथ्या दिवशी मंडळातल्या एका दादाचा फोन आला. नवा कपडा घालण्याआधी धुवायचा, म्हणून त्याच्या घरी शर्ट बादलीत टाकला होता. “ताई, पताका पाण्यात गेल्या,” तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

आम्ही आधी काय केलं असेल? रंगवाल्या दुकानदाराला बोल लावला. भेसळीचा रंग दिलास म्हणून फोनवर नको ते बोललो. तो शांतपणे एवढंच म्हणाला, “पहिले १४० त्याच डब्यातले आहेत ना? ते धुऊन पाहा.” धुतले. एकाचाही रंग हलला नाही. मग मात्र आमची तोंडं बंद झाली. पुढं त्याची माफी मागितली, हेही सांगितलं पाहिजे.

चूक आमच्या आचेत होती. भाकरी कशी असते? तवा नीट तापला नसेल, तर वरून पापुद्रा धरतो, हाताला कोरडी लागते, पण मोडली की आत पीठ. प्लास्टिसोलचं तसंच आहे. थोडी आच लागली की तो वरून आळतो आणि हाताला चिकटत नाही. पण पक्का व्हायला थराच्या तळापर्यंत साधारण १६० अंश सेल्सिअस उष्णता पोचावी लागते. तेव्हा कुठं प्लास्टिकची पूड आणि प्लास्टिसायझर एकजीव होऊन कापडाचा धागा धरतात. नेमका आकडा प्रत्येक डब्यावर असतो, तो वाचायचा. आणि मशीनचा काटा १६० दाखवतो म्हणजे रंगही तितका तापला, असं नाही. काटा पाटीचं तापमान दाखवतो, रंगाचं नाही. त्यात सुती कापड पावसात दमट होतं. आपण दिलेली आच आधी त्या दमटपणाची वाफ करण्यात जाते, रंगाच्या वाट्याला उरलेली येते. म्हणजे झडीत वेळ वाढवायला हवा होता, आणि आम्ही तो कमी केला.

त्या रात्री आम्ही गटाची बैठक घेतली. कोणी म्हणालं, बाकीच्यांचे फोन येतात का ते पाहू. कोणी म्हणालं, एकेक आला की बदलून देऊ. आमच्यातल्या सगळ्यात वडील मावशी तेवढ्या बोलल्या, “लोक ते घालून पालखीत सेवा करणार हायेत, आन् तुम्ही वाट कशाची पाहता?” सकाळी आम्ही मंडळात गेलो, खरं काय ते सांगितलं आणि म्हणालो, शेवटच्या गठ्ठ्यातले शर्ट धुऊ नका, परत द्या.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. कच्चा राहिलेला प्लास्टिसोल धुतला नसेल, तर पुन्हा आच देऊन पक्का करता येतो. ७० पैकी ४२ शर्ट न धुतलेले मिळाले. ते आधी दोरीवर, पंख्याखाली सुकवले, मग पूर्ण आच दिली आणि सगळे वाचले. २८ शर्ट मात्र गेले. त्यांच्या कापडाचेच ३,३६० रुपये झाले. नवे आणून, छापून, पालखीच्या आदल्या दिवशी पोचते केले. मजुरी आठ हजार चारशे मिळायची होती, त्यातून हे वजा झालं. ज्या बाईनं वेळ कमी करायचं सुचवलं, तिच्या एकटीवर काही घातलं नाही. मान सगळ्यांनीच डोलावली होती.

तेव्हापासून आमच्या भिंतीवर नियम लिहिलेले आहेत. शर्ट जमिनीवर ठेवायचे नाहीत, फळीवर ठेवायचे. पावसाळ्यात छापण्याआधी प्रत्येक शर्टावर काही सेकंद पाटी दाबून दमटपणा काढायचा. तापमानाच्या पट्ट्या मिळतात, उष्णता लागली की त्यांचा रंग बदलतो. दिवसाच्या पहिल्या शर्टावर ती लावायची. आणि ऑर्डर सुरू करण्याआधी एक शर्ट छापून, पक्का करून, घरच्या साबणानं चांगला घासून धुवायचा. छाप ताणून भेगा पडतात का तेही पाहतात, पण प्रोसेसचे ठिपके सुटे आणि थर पातळ, त्यामुळे ताणून नेहमी कळत नाही. धुणं हीच खरी परीक्षा.

जपायच्या गोष्टीही सांगतो. काम करताना खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. स्क्रीन पुसायचे द्रव पेट घेणारे असतात, ते तापलेल्या मशीनपासून लांब ठेवा. शर्टावरून धूर निघू लागला, तर आच जास्त होते आहे. रंग मोरीत ओतू नका. रंगाची चिंधी चुलीत किंवा बंबात तर कधीच टाकू नका. पीव्हीसी जळलं की घशाला आणि फुप्फुसाला घातक वायू निघतो. काही प्लास्टिसायझर थॅलेट जातीचे असतात. लहान मुलांच्या खेळण्यांत अशा काही थॅलेट्सवर युरोपात ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. म्हणून लेकरांच्या कपड्यांसाठी थॅलेटमुक्त रंगच मागा आणि तसा कागद दुकानदाराकडून घ्या. गिऱ्हाइकालाही सांगा, शर्ट उलटा करून धुवा आणि छापावर थेट इस्त्री फिरवू नका.

त्या मंडळानं यंदा पुन्हा आम्हालाच शर्ट सांगितले आहेत. दादा म्हणाला, “धुऊन पाहिलेला एक आधी दाखवा.” दाखवायला आम्ही तो काढून ठेवला आहे. पाच वेळा धुतलाय, पताका जागच्या जागी आहेत.

तुमच्या गटाला हे काम शिकायचं असेल, तर खुशाल आमच्याकडे या आणि चार दिवस आमच्याबरोबर बसा. येताना घरचा एक जुना पांढरा शर्ट आणा, पहिला हात त्यावरच मारा.